सहलीची उरलेली रक्कम, भरण्याची मुदत आणि कंपनीशी वाद: कुठून सुरुवात करावी, काय लिहावं, कुठे जावं

सहल कंपनीचे पैसे साधारण दोन टप्प्यांत भरले जातात. बुकिंगच्या वेळी आगाऊ रक्कम आणि निघण्याच्या काही आठवडे आधी उरलेली सगळी. बहुतेक भांडणं या दुसऱ्या टप्प्यावर होतात. तारीख एका दिवसाने हुकली म्हणून बुकिंग रद्द आणि आगाऊ रक्कम जप्त. किंवा तारीख लांब असताना ‘दोन दिवसांत पूर्ण पेमेंट करा’ असा फोन. किंवा पैसे एजंटकडे भरले आणि कंपनी म्हणते, आमच्याकडे आलेच नाहीत. वर्षभर पैसे बाजूला टाकून घरच्यांसाठी सहल ठरवलेल्या माणसाला असा मेल आला, की तो एक तर घाबरून मागतील तेवढे भरतो, नाही तर चिडून अडून बसतो आणि त्या नादात तारीख घालवतो. दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

माझं सांगणं एवढंच, की आधी तारीख सांभाळा आणि मग भांडा. तारखेच्या आत पैसे आणि कागद दोन्ही नीट असतील, तर पुढच्या वादात तुमची बाजू भक्कम राहते. तारीख गेल्यावर मात्र तुम्ही कितीही खरे असलात तरी विनंती करणाऱ्याच्या जागी जाता.

पहिलं काम: खरी तारीख कोणती ते शोधा

तारीख चार ठिकाणी लिहिलेली असते: बुकिंग फॉर्मवर, पुष्टीपत्रावर किंवा पावतीवर, अटी-शर्तींमध्ये आणि नंतर येणाऱ्या आठवणीच्या मेलमध्ये. या चारही ठिकाणी ती एकच असेल असं धरून चालू नका. करार होतो तो बुकिंगच्या दिवशी तुम्हाला दाखवलेल्या अटींवर आणि त्यानंतर मिळालेल्या पुष्टीपत्रावर. आठवणीचा मेल म्हणजे करार नव्हे. त्यात कंपनीने करारापेक्षा लवकरची तारीख टाकली म्हणून करारातली तारीख आपोआप बदलत नाही.

कंपन्यांच्या संकेतस्थळावरच्या अटी अधूनमधून बदलतात. आज तिथे जे दिसतं ते तुम्ही बुकिंग केलं त्या दिवशीचंच असेल असं नाही. म्हणून बुकिंगच्या दिवशीच अटींचं पान पीडीएफ करून ठेवायची सवय लावा. तेव्हा राहून गेलं असेल तर कंपनीला लेखी विचारा: ‘माझ्या बुकिंगच्या तारखेला लागू असलेल्या अटींची प्रत पाठवा.’

आता मोजणी. हा भाग नीट वाचा, कारण यातूनच एक-दोन दिवसांची चूक होते. समजा, प्रस्थान १५ मे रोजी आहे. ‘प्रस्थानाच्या ६० दिवस आधी’ म्हणजे १६ मार्च. ‘दोन महिने आधी’ म्हणजे १५ मार्च. ‘आठ आठवडे आधी’ म्हणजे ५६ दिवस, म्हणून २० मार्च. तिन्ही शब्द बोलताना सारखेच वाटतात, पण सगळ्यात आधीच्या (१५ मार्च) आणि सगळ्यात नंतरच्या (२० मार्च) तारखेत पाच दिवसांचं अंतर पडतं. त्यात ‘किमान ६० पूर्ण दिवस’ असं लिहिलं असेल, तर १६ तारखेलाही उशीर झाला असं कंपनी म्हणू शकते. प्रस्थान कशाला म्हणायचं हाही प्रश्न असतोच. विमान १५ तारखेच्या रात्री उशिरा निघतं आणि कार्यक्रमपत्रिकेत सहलीचा पहिला दिवस १६ लिहिलेला असतो. अशा वेळी सगळ्यात अलीकडची, म्हणजे सगळ्यात आधी येणारी तारीख आपली मानायची आणि त्याच्याही दोन-तीन दिवस आधी पैसे पोचतील असं बघायचं. वाद झालाच, तर संदिग्ध अटीचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा हे तत्त्व ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात आणि युरोपीय संघाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. भारतातली न्यायालयंही अट लिहिणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ लावण्याचं तत्त्व मानतात. पण तो आधार वाद झाल्यानंतरचा. आधी अलीकडची तारीख पाळा.

कंपनी दुसऱ्या देशात असेल तर वेळही बघा. ‘त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत’ म्हणजे त्यांच्या घड्याळाप्रमाणे पाच. परदेशी बँकेत केलेलं हस्तांतर पोचायला काही कामकाजाचे दिवस लागू शकतात. अटींमध्ये ‘रक्कम आमच्या खात्यात जमा झाली पाहिजे’ असं असेल, तर तुम्ही पैसे पाठवल्याच्या तारखेला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरं काम: सहल हवी आहे की पैसे, हे तारखेच्या आत ठरवा

हा निर्णय लोक लांबणीवर टाकतात. घरात कुणाची तब्येत बिघडलेली असते, रजा मंजूर नसते, व्हिसा आलेला नसतो, म्हणून ‘बघू’ म्हणत शेवटचा दिवस उजाडतो. रद्द करण्याचे दर दिवसांवर ठरतात आणि उरलेल्या रकमेची तारीख ही बहुधा त्या तक्त्यातली एक पायरी असते. तिच्या आधी रद्द केलं तर आगाऊ रक्कम जाते. तिच्यानंतर एकूण किमतीचा काही टक्के हिस्सा, आणि प्रस्थान जवळ येईल तसा तो वाढत जातो. एका दिवसाच्या चालढकलीने नुकसान कितीतरी पटींनी वाढू शकतं. तो तक्ता समोर घेऊन बसा आणि आज रद्द केलं तर किती, पुढच्या सोमवारी केलं तर किती, हे दोन आकडे कागदावर लिहा.

कमी आगाऊ रकमेच्या योजनेत एक फसगत होते. ‘थोडेसे पैसे भरून जागा पक्की करा’ अशी जाहिरात असते, पण अटींमध्ये पूर्ण आगाऊ रक्कम वेगळी आणि बरीच मोठी लिहिलेली असते. रद्द केल्यावर कंपनी त्यातला फरक मागते. ‘फार तर भरलेले पैसे जातील’ असं समजून गप्प बसू नका. पैसे भरले नाहीत म्हणजे बुकिंग आपोआप रद्द झालं आणि विषय संपला, असंही नसतं. रद्द करायचंच असेल तर तसं लेखी कळवा आणि पोच घ्या.

स्वतः जाता येत नसेल, पण ओळखीत कुणाला जायचं असेल, तर नाव बदलता येतं का ते विचारा. युरोपीय संघाच्या आणि ब्रिटनच्या पॅकेज सहलीच्या नियमांत हा प्रवाशाचा हक्कच आहे. निघण्याच्या किमान सात दिवस आधी कळवलं तर ती सूचना वेळेत दिली असं मानलं जातं आणि कंपनीला फक्त बदलाचा खरा खर्च घेता येतो. इतरत्र ते कंपनीच्या अटींवर अवलंबून राहतं, तरीही विचारण्यात काही जात नाही.

तिसरं काम: भरण्याआधी हिशेब मागा आणि खातं तपासा

मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी कंपनीला एक मेल करा. एकूण किंमत किती, भरले किती, उरले किती, कर किती, आणि पुष्टीपत्रातल्या आकड्यापेक्षा जास्त मागत असाल तर कशासाठी. भारतात परदेशी सहलीच्या पॅकेजवर जीएसटीसोबत टीसीएसही घेतला जातो. बुकिंगच्या वेळी तो सांगितलेला नसला की शेवटी आकडा फुगलेला दिसतो आणि वाद होतो. टीसीएस हा तुमच्या पॅनवर जमा होणारा प्राप्तिकर आहे. विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय मिळतं, त्यामुळे त्यावरून कंपनीशी भांडून उपयोग नाही. पण ‘सेवा आकार’, ‘इंधन अधिभार’, ‘हंगामी फरक’ असं काही नव्याने दिसलं तर त्याचं कारण मागायलाच हवं.

त्याच मेलमध्ये सहल नक्की निघणार आहे का, हेही विचारा. गटाच्या सहलींत किमान प्रवासीसंख्येची अट असते. संख्या भरलेली नाही आणि तरी पूर्ण पैसे मागतात, अशी वेळ येते. अटींनुसार ते मागू शकत असतील, पण ‘संख्या न भरल्यास कोणत्या तारखेपर्यंत कळवाल आणि पूर्ण रक्कम किती दिवसांत परत द्याल’ याचं उत्तर तुमच्याकडे लेखी हवं.

खातं तपासण्याबद्दल जरा जोर देऊन सांगतो. उरलेल्या रकमेची तारीख जवळ आली, की ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पेमेंट इथे करा’ असा मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश येणं हा फसवणुकीचा जुना आणि चांगला चालणारा प्रकार आहे. कंपनीचा किंवा हॉटेलचा मेल हॅक झालेला असतो, त्यामुळे संदेशात तुमचं नाव, बुकिंग क्रमांक, रक्कम, सगळं बरोबर असतं. अशा संदेशातल्या क्रमांकावर फोन करू नका. मूळ पावतीवरच्या क्रमांकावर करा आणि खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारा. कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल तर तिथेच थांबा.

मुदतवाढ मिळाली असेल तर ती कागदावर आणा

‘काही हरकत नाही, सोमवारी भरा’ असं काउंटरवरचा माणूस म्हणतो. सोमवारी प्रणालीने बुकिंग रद्द केलेलं असतं आणि तो माणूस रजेवर असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार ज्याला पैसे घ्यायचे आहेत तो मुदत वाढवून देऊ शकतो. अडचण ती सिद्ध करण्याची असते. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेल टाका: ‘आत्ता तुमच्या अमुक प्रतिनिधीशी झालेल्या बोलण्यानुसार उरलेली रक्कम भरण्याची मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवली आहे. यात काही चूक असेल तर आजच कळवा.’ उत्तर आलं नाही तरी हा मेल पुढे फार कामाला येतो. फोन कधी केला, किती वेळ बोलणं झालं, याचा स्क्रीनशॉटही ठेवून द्या.

वाद असला तरी पैसे कसे भरायचे

सहल हवी आहे, पण मागितलेली रक्कम किंवा तारीख मान्य नाही, अशा वेळी बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे हक्क राखून पैसे भरणं. मान्य असलेलीच रक्कम भरली, तर कंपनी ‘पूर्ण पेमेंट आलं नाही’ म्हणून बुकिंग रद्द करण्याचा धोका राहतो. वादाची रक्कम लहान असेल तर तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. पैसे भरण्याच्या आधी किंवा त्याच वेळी असा मेल पाठवा:

‘बुकिंग क्रमांक अमुक. माझ्या पुष्टीपत्रात एकूण किंमत अमुक आहे. आपण उरलेल्या रकमेत “इंधन अधिभार” म्हणून जादा रक्कम मागितली आहे. पुष्टीपत्रात ती नाही आणि मला ती मान्य नाही. बुकिंग रद्द होऊ नये एवढ्याच कारणासाठी मी आज पूर्ण रक्कम भरत आहे. जादा रक्कम परत मागण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे. ही आकारणी कोणत्या अटीनुसार केली त्याचा हिशेब सात दिवसांत लेखी द्यावा.’

यात राग नाही, धमकी नाही. क्रमांक, तारीख, आकडा आणि मागणी आहे. पुढे हा कागद तिसऱ्या माणसाने वाचायचा आहे हे लक्षात ठेवून लिहा.

शक्य असेल तिथे क्रेडिट कार्डने भरा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ मुळे १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या सेवेसाठी कार्ड देणारी कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. आगाऊ रकमेचा काही भाग जरी कार्डने भरला असला तरी हा आधार मिळू शकतो, मात्र पैसे मधल्या एजंटला गेले असतील तर अडचण येते. इतर देशांत, भारत धरून, कार्डावर चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची सोय असते. सेवा मिळाली नाही किंवा कबूल केलेला परतावा आला नाही, तर बँकेकडे वाद नोंदवता येतो. त्याची मुदत प्रकारानुसार बदलते. बऱ्याच प्रकारांत ती १२० दिवस असते, पण ती कोणत्या दिवसापासून मोजायची हे बँकेला विचारा आणि लवकर अर्ज करा. यूपीआय किंवा थेट बँक हस्तांतराने भरलेल्या पैशांना कार्डाइतकं संरक्षण नसतं. तिथे यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक) आणि कंपनीची पावती हाच तुमचा पुरावा. रोख भरणं टाळा.

तारीख हुकलीच तर

पहिले काही तास महत्त्वाचे. फोन करा, त्याच वेळी मेल करा आणि मेलमध्ये स्पष्ट लिहा, की पूर्ण रक्कम आत्ता भरायला तयार आहे, बुकिंग चालू ठेवा. कार्ड नाकारलं गेलं, पेमेंटची लिंक उघडली नाही, असं काही झालं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट जोडा. नुसतं ‘लिंक चालत नव्हती’ म्हणणं आणि तारीख-वेळ दिसणारा पुरावा देणं यात मोठा फरक पडतो.

मग दोन गोष्टी विचारा. बुकिंग प्रत्यक्षात रद्द केलं आहे का, विमानाच्या आणि हॉटेलच्या जागा सोडल्या आहेत का? पुष्कळदा प्रणालीत फक्त खूण झालेली असते आणि जागा अजून तुमच्याच नावावर असतात. दुसरं, जप्त केलेल्या रकमेचा हिशेब. कंपनीचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं? तीच जागा दुसऱ्याला विकली का?

हा प्रश्न विचारायला कायद्याचा आधार आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा. कलम ५५ प्रमाणे वेळ पाळणं हा कराराचा गाभा होता की नव्हता, यावर कंपनीला करार मोडता येतो का हे ठरतं. कंपनीने उशिरा आलेले पैसे मुकाट्याने स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाई मागणार असं कळवलं नाही, तर त्या उशिराबद्दल नंतर भरपाई मागता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे आणि नुकसानीच्या मानाने अगदीच बेसुमार दंड लावणारी अट त्यात मोडते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये प्रवाशाने रद्द केल्यावरचं शुल्क वाजवी आणि समर्थनीय असावं लागतं. जागा पुन्हा विकून मिळणारे आणि वाचलेले पैसे त्यात विचारात घ्यावे लागतात आणि प्रवाशाने मागितल्यास शुल्काचं कारण द्यावं लागतं. उरलेली रक्कम केव्हा भरायची हे करारापूर्वीच सांगणंही तिथे बंधनकारक आहे आणि तसं सांगितलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यावसायिकावर असते.

तरी खरं तेच सांगायला हवं. तारीख स्पष्ट लिहिलेली होती, आठवणीचे मेल आले होते आणि तुम्हीच विसरलात, तर बुकिंग रद्द करणंच बेकायदा होतं असं म्हणत बसू नका. तिथे तुमची बाजू कमकुवत आहे. वाद रकमेवर आणा: रद्द केलंत ठीक, पण इतके पैसे कशाचे ठेवलेत? प्रस्थानाला बराच अवकाश होता आणि जागा पुन्हा विकली गेली, तर या प्रश्नाचं उत्तर देणं कंपनीला जड जातं. आणि विम्यावर भिस्त ठेवू नका. प्रवास विमा आजारपण, अपघात अशा ठरावीक कारणांसाठी असतो, पैसे भरायला विसरल्याबद्दल नाही.

पेमेंटच्या तोंडावर किंमत वाढवली तर

युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज सहल निर्देशात आणि ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांत याचं उत्तर नेमकं आहे. करारात तशी सोय लिहिलेली असेल तरच, आणि इंधन, कर वा शुल्क आणि चलनाचा दर याच कारणांनी किंमत वाढवता येते. हिशेबासकट सूचना निघण्याच्या किमान २० दिवस आधी द्यावी लागते. वाढ ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर प्रवाशाला शुल्काशिवाय रद्द करून पैसे परत मागता येतात. हे खर्च कमी झाले तर किंमत कमी करून मागण्याचा हक्कही असतो. भारतात असा आकडा कायद्यात नाही. तिथे करारातली अट आणि ती वाजवी आहे का, यावरच बोलावं लागतं.

एजंटकडे भरलेले पैसे

पावती कुणाच्या नावाची आहे ते आधी बघा. एजंटने कंपनीच्या लेटरहेडवर किंवा कंपनीच्या फॉर्मवर पैसे घेतले असतील आणि तो कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून वावरत असेल, तर त्याला दिलेले पैसे कंपनीला दिले असं म्हणायला जागा आहे. करार कायद्याचं कलम २३७ हेच सांगतं: एजंटला अधिकार आहे असा समज कंपनीनेच करून दिला असेल, तर एजंटची कृती कंपनीवर बंधनकारक ठरते. तक्रार दोघांविरुद्धही करा. एकट्या एजंटमागे लागलात तर कंपनी सहज हात झटकते.

तक्रार कुठे न्यायची

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच मुद्देसूद मेल, सोबत सगळी कागदपत्रं आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत. रोज नव्याने चिडून लिहिलेल्या दहा मेलपेक्षा हा एक मेल जास्त काम करतो.

भारतात त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निकाल मिळत नाही, पण कंपनीकडे तक्रार पाठवली जाते आणि बऱ्याच वेळा तिथेच तोडगा निघतो. नाही निघाला तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्याला जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या ठिकाणच्या आयोगात ती करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. ऑनलाइनही दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षे. एक बारकावा: ‘ही अटच अनुचित आहे’ अशी मागणी राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापार प्रथा म्हणून तक्रार मात्र जिल्हा आयोगात चालते. अर्ज लिहिण्याआधी हे एखाद्या जाणकाराला विचारून घ्या.

ब्रिटनमध्ये कंपनी ‘आबटा’ या प्रवासी कंपन्यांच्या संघटनेची सदस्य असेल तर तिच्या तंटा-निवारण योजनेतून जाता येतं. विमानासह पॅकेज असेल तर कंपनी बुडाल्यास ‘ॲटॉल’ या योजनेचं संरक्षण असतं, पण ते कंपनी बुडाल्यावर. मुदतीच्या वादात त्याचा उपयोग नाही.

अखेर तडजोडीचा प्रस्ताव येतो आणि तो बहुधा क्रेडिट नोटच्या, म्हणजे रोखीऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या सहलीला वापरता येणाऱ्या रकमेच्या रूपात येतो. घ्यायला हरकत नाही, पण ती किती दिवस चालेल, कुणाच्या नावावर चालेल, हंगामाच्या तारखा वगळल्या आहेत का, न वापरल्यास रोख मिळेल का, हे आधी लिहून घ्या. रोख परतावा असेल तर रक्कम आणि जमा होण्याची तारीख दोन्ही पत्रात हवीत. ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही पैसे खात्यात जमा झाल्यावरच करा.